इम्युनिटी वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

"डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?" कोरोनापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे. पण गेल्या महिन्यात तो विचारणाऱ्या काकांच्या पोटातलं लिव्हर त्यांचं स्वतःचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काकूंनी आपल्या लिव्हरचा भाग त्यांना दिला होता. काका सकाळी गुळवेलीचा काढा घेत होते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळीही. दोन्ही तितक्याच श्रद्धेने!

"प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली" हा समज मला धोकादायक वाटतो. का, ते लिव्हरकडे पाहिलं की कळतं.

लिव्हरमधून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून, म्हणजे मुख्यतः आतड्याकडून येतं. त्यात पचलेल्या अन्नाचे घटक असतात, आतड्यातल्या जंतूंचे तुकडेही असतात. या प्रत्येक परक्या गोष्टीवर लिव्हरमधल्या पेशी तुटून पडल्या असत्या, तर आपल्याला जेवणागणिक हेपटायटिस झाला असता. तसं होत नाही, कारण तिथल्या पेशी सबुरीने वागतात. रक्तवाहिन्यांमध्ये ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी हे तुकडे गिळतात, पण त्याचवेळी इंटरल्यूकिन-१० सारखी रसायनं सोडून बाकीच्यांना शांत ठेवतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी हे तुकडे टी पेशींना दाखवतात खऱ्या, पण हल्ल्याला लागणारा दुसरा इशारा पुरेसा देत नाहीत. मग त्या टी पेशी निष्क्रिय होतात, काही मरतात, तर काही इतरांना आवरणाऱ्या 'नियंत्रक' टी पेशी बनतात. हेपटायटिस ए सारखा खरा शत्रू आला की हेच लिव्हर लढतंही.

ही सबुरी किती खोल आहे? ब्रिटिश सर्जन रॉय काल्न आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका डुकराचं लिव्हर दुसऱ्याला बसवलं, तर अनेकदा औषधांशिवायही ते टिकलं. माणसात इतकं सोपं नाही. तरीही लिव्हर देताना रक्तगट पाहतात, पण किडनीसारखं एचएलए जुळवणं सहसा लागत नाही. निवडक रुग्णांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करता आली आहेत. (हे वाचून कुणीही आपल्या गोळ्या बंद करू नयेत, ही हात जोडून विनंती.)

या सहनशीलतेची किंमतही आहे. हेपटायटिस बी चा विषाणू तिचा फायदा घेतो. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली, तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. मोठ्या माणसात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून जन्मल्यावर २४ तासांत लस द्यायची असते.

आता काढ्याकडे येऊ. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. स्वतःच्याच पेशी लिव्हरवर उलटाव्यात, तसं बऱ्याच जणांच्या बाबतीत चित्र दिसत होतं. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अभ्यासावर आक्षेप घेतला: ती वनस्पती खरी गुळवेलच होती का, याची खात्री केली नव्हती. मुद्दा रास्त आहे. पण बाजारातून पुडी आणणाऱ्याला तरी ते कसं कळणार? गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला कावीळ होत नाही, हेही खरं. पण प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि ज्यांना ऑटोइम्युन आजार आहे, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलेली आहे, त्यांनी 'बूस्टर'च्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांचं एसजीपीटी थोडं वाढलेलं निघालं. काढा बंद केला, टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तपासली. तीन आठवड्यांनी आकडे उतरले. ते काढ्यामुळेच वाढले होते, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. काकूंना मात्र शंकाच नव्हती. पुढच्या व्हिजिटला त्या घरातल्या सगळ्या पुड्या, चूर्णं आणि बाटल्या पिशवीत भरून घेऊन आल्या आणि पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.