सात आकड्यांची काटकसर

न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात भेटावयास आला होता. बोलता बोलता त्याने मला सुनावले, "सर, तुम्ही समाजवादी मंडळी स्पर्धेला उगाच नावे ठेवता. १९९९ साली आम्ही नुसते सात आकडे जादा फिरवून निम्म्या दरात बोलत होतो. मक्तेदारी असती तर हे झाले असते काय?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो केवळ त्या विद्यार्थ्याचा नाही. आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्ग वीज, पाणी, एस.टी. अशा प्रत्येक सार्वजनिक सेवेच्या बाबतीत आज हाच प्रश्न विचारतो. म्हणून त्या सात आकड्यांचा हिशेब एकदा नीट मांडणे अगत्याचे आहे.

ते आकडे मी स्वतः फिरवलेले आहेत. त्या वर्षी उन्हाळ्यात मी थोरल्या बहिणीकडे एडिसन गावी महिनाभर राहिलो होतो. तिच्या फ्रीजच्या दारावर चुंबकाने एक चिठ्ठी लावलेली असे. बॉस्टनच्या भाच्यासाठी कोणता आकडा, भारतासाठी कोणता, रविवारी कोणता आणि कोणत्या आकड्यावर दहा मिनिटांच्या आत बोलू नये, असा सगळा तपशील तीत होता. अमेरिकेत दूरच्या गावी फोन करावयाचा तर अकरा आकडे लागत. त्यांच्याआधी हे सात लावले की अठरा. बहीण गणिताची पदवीधर होती म्हणून ती चिठ्ठी तिला पेलली. शेजारच्या वृद्ध बाईंच्या फ्रीजवर अशी चिठ्ठी नव्हती.

या सेवेचे नाव 'डायल-अराउंड', म्हणजे आपल्या नेहमीच्या कंपनीला वळसा घालून फोन करणे. तिचा उगम बाजाराच्या प्रतिभेत नसून न्यायालयाच्या हुकुमात आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. अमेरिकेची दूरध्वनी व्यवस्था बहुतांशी एटी अँड टी या एकाच खाजगी कंपनीच्या हाती होती. तिच्यावर तेथील सरकारने १९७४ साली मक्तेदारीविरोधी खटला भरला, १९८२ साली तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ पासून कंपनीचे तुकडे पडले. स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याच्या सेवेत एटी अँड टी, एमसीआय, स्प्रिंट आदींची स्पर्धा सुरू झाली. स्थानिक एक्स्चेंजने सर्वांना समान वाट द्यावी असे ठरले. ग्राहकाने एक कंपनी कायमची निवडावी. पण एखादा कॉल दुसरीमार्फत करावासा वाटल्यास तिचा संकेतांक आधी फिरवावा. हा संकेतांक प्रथम पाच आकड्यांचा होता, १९९८ साली तो सात आकड्यांचा झाला. एक्स्चेंज तो ओळखते, कॉल त्या कंपनीच्या हवाली करते आणि आकार बहुधा घरच्याच बिलात येतो.

येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. खरा खेळ पुढे आहे. १९९८–९९ च्या सुमारास चित्रवाणीवर ज्या दोन संकेतांकांचा भडिमार चालू होता, ते १०-१०-३२१ आणि १०-१०-२२० दोन्ही एमसीआय वर्ल्डकॉम याच कंपनीच्या मालकीचे होते. मात्र जाहिरातीत त्या नावाचा गाजावाजा नसे. एटी अँड टीनेही १०-१०-३४५ हा आपला संकेतांक निराळ्या नावाने बाजारात आणला होता. म्हणजे जी कंपनी बेसावध ग्राहकाकडून चढा मूळ दर वसूल करीत होती, तीच दुसऱ्या दाराने, दुसरा मुखवटा चढवून, सावध ग्राहकाला तीच मिनिटे स्वस्तात विकत होती. तारा त्याच, यंत्रे तीच. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. पिगूने १९२० सालीच त्याचे प्रकार पाडून ठेवले आहेत. या व्यवहारात स्पर्धेचे फळ किती आणि ग्राहकांची चाळणी किती, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि स्वस्ताई तरी कोणाला? १०-१०-२२० ची जाहिरात होती, वीस मिनिटांपर्यंत ९९ सेंट. पूर्ण वीस मिनिटे बोलल्यास मिनिटाला पाच सेंट पडत. दोनच मिनिटांत निरोप सांगून फोन ठेवला तर मिनिटाला जवळजवळ पन्नास सेंट, म्हणजे दसपट! समोरून माणसाऐवजी यंत्राने फोन घेतला तरी ९९ सेंट गेलेच. इतर काही सेवांत मासिक शुल्क असे, काहींत प्रत्येक कॉलमागे शुल्क. हे सारे बारीक अक्षरांत. अखेर मार्च २००० मध्ये अमेरिकेच्या दोन केंद्रीय नियामक आयोगांना संयुक्त निवेदन काढून अशा जाहिरातींत खरा दर स्पष्ट सांगण्याची ताकीद द्यावी लागली. बाजार स्वतःहून माहिती पुरवतो असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, आणि मीही ते तीस वर्षे शिकवले.

तथापि माझा मुख्य आक्षेप या लबाडीवर नाही. दूरध्वनीच्या जाळ्याचा मोठा खर्च हा स्थिर खर्च असतो. घरापर्यंतची तार तुम्ही दिवसाला एक कॉल करा की शंभर, तेवढीच लागते. हा खर्च कोणी सोसावयाचा हा राजकीय प्रश्न आहे. १९८४ पूर्वी लांब पल्ल्याच्या उत्पन्नातून स्थानिक सेवेला आधार मिळे. जास्त आणि दूरवर बोलणारा जास्त भार उचली. विभाजनानंतर तो आधार ढिला झाला आणि जून १९८५ पासून प्रत्येक घरगुती जोडणीवर दरमहा एक डॉलरचा आकार बसला. १९८९ पर्यंत तो साडेतीन डॉलर झाला. परगावी एकही फोन न करणाऱ्या विधवेलाही तो द्यावा लागे. गरिबांना सवलत देणारी 'लाइफलाइन' योजनाही १९८५ सालचीच, हा योगायोग नव्हे. माझ्या बहिणीने चिठ्ठीच्या बळावर जे वाचवले, त्यातला काही भाग शेजारच्या बाईंच्या बिलातून आला होता. दोघींना ते कळण्याचा मार्ग नव्हता.

जुनी मक्तेदारी आदर्श होती असे मी म्हणत नाही. ती खाजगी होती, उद्दाम होती आणि तिचे लांब पल्ल्याचे दर अवाच्या सवा होते. स्पर्धेने ते उतरले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाकडे बोलू पाहणाऱ्या स्थलांतरित मजुरालाही त्या चढ्या दरांचा जाच होता. आपल्याकडच्या सरकारी खात्यानेही जोडणीसाठी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवून स्वतःची कबर स्वतःच खणली. टेलिफोन म्हणजे श्रीमंतांची चैन, असे मानून आपल्या चळवळीने त्या दिवसांत हा प्रश्न हातीच घेतला नाही. तो दोष आपला आहे.

त्या स्पर्धेचे पुढे काय झाले? इतर कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल द्यावयाचे भाडे हा रोजचा खर्च वर्ल्डकॉमने भांडवली गुंतवणूक म्हणून दाखवला होता. सुमारे अकरा अब्ज डॉलरचा हा हिशेबी घोटाळा बाहेर आला आणि जुलै २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २००५ साली सातांपैकीच एका प्रादेशिक कंपनीने एटी अँड टी विकत घेऊन तिचे नावही धारण केले. २००६ च्या आरंभी एमसीआय व्हेरायझनच्या पोटात गेली. सात आकडे ज्यांच्या एक्स्चेंजमधून जात, त्या प्रादेशिक कंपन्यांनीच वळसा घालणाऱ्यांना गिळले.

आपल्याकडे नाटक तेच आहे, पात्रे निराळी. २०१६ साली जिओने बोलणे कायमचे फुकट असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलण्यास तिनेच मिनिटाला सहा पैसे लावले, ते २०२१ च्या आरंभापर्यंत राहिले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही बड्या खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. ज्याला इंटरनेट नको त्यालाही त्याचे पैसे भरावे लागतात, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने केवळ बोलणे व संदेश यांसाठी निराळे रिचार्ज ठेवण्याची सक्ती केली. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. पण ते आहे हे ठाऊक किती जणांना?

कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच की, येत्या शाखा-बैठकीआधी आपल्या वस्तीतील दहा घरांत जाऊन साधा बटणांचा फोन वापरणारे कोण आहेत, केवळ मुलाचा फोन घेता यावा म्हणून ते महिन्याला किती रुपये भरतात आणि त्यात इंटरनेटचे किती, हे वहीत टिपून आणावे. ऊसतोड कामगारांच्या वस्तीपासून आरंभ केल्यास उत्तम. वही बैठकीत वाचून दाखवावी, आणि माझा तो विद्यार्थी डिसेंबरात पुन्हा यावयाचा आहे, त्यालाही मी ती दाखवीन.