आपले सण आणि त्यांचे सण

(द्वितीय वर्ष, कला)

'आपला देश हा सणांचा देश आहे' या वाक्याने मी शाळेत निदान दहा निबंधांना सुरुवात केली असेल. त्या वाक्यातील 'आपला' या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. तो पडला गेल्या वर्षी, पोलादपूरहून महाडला येणाऱ्या एस. टी. त, माझ्याच गावच्या एका मैत्रिणीमुळे. त्याविषयी लिहावे म्हणून हा प्रपंच.

मी पोलादपूर तालुक्यातील एका लहान गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मुंबईला नोकरीस. घरी आई, आजी आणि भात-नाचणीची थोडी शेती. आमच्याकडे वर्ष मोजतात ते सणांनी. 'चुलते कधी येणार?' असे विचारले तर तारीख कोणी सांगत नाही; 'शिमग्याला' किंवा 'गणपतीत' एवढेच उत्तर मिळते. एरवी गावातील निम्म्या घरांना कुलूप. शिमग्यात ती कुलपे निघतात, ओट्यावर माणसे दिसू लागतात, आणि म्हाताऱ्यांना बोलायला कोणीतरी मिळते. शहरातील काही विद्वान सणांवरच्या खर्चाला नावे ठेवतात. त्यांनी एकदा शिमग्याच्या आदल्या दिवशी आमच्या फाट्यावर उभे राहून मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या बघाव्यात.

होळी पेटली की खालुबाजाच्या तालावर ग्रामदेवतेची पालखी निघते व घरोघर जाते. बायका ओटी भरतात, नवस फेडतात. पालखीपुढे निशाण धरण्याचा मान आमच्या भावकीचा. (मुलींनी ते धरायचे नसते, ही गोष्ट वेगळी.) पालखी सगळे गाव फिरते आणि गावाच्या टोकाला पऱ्यापाशी येऊन माघारी वळते. पऱ्याच्या पलीकडे बौद्धवाडी आहे. पालखी तेथूनच का वळते, हे मी लहानपणापासून कधी विचारले नाही. पाणी उताराकडे का जाते, हे तरी आपण कुठे विचारतो?

गेल्या वर्षी शिमगा आटोपून कॉलेजला निघालो तेव्हा शेजारी ती मैत्रीण बसली होती. ती पऱ्यापलीकडची. पहिलीपासून आम्ही एका वर्गात. नुकताच समाजसुधारकांवरचा पाठ झाला होता, त्याच्या भरात मी तिला म्हटले, "पालखी तुमच्याकडे येत नाही हे मला पटत नाही. मी बाबांना सांगणार आहे." मला वाटले, तिला बरे वाटेल. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या आजोबांना वाटायचं वाईट. आम्ही आता तिची वाट बघत नाही. पण मला एक सांग, वीस मार्चला तू तळ्यावर कधी आलीस?"

मला उत्तर देता आले नाही. चवदार तळे मी शेकडो वेळा पाहिले आहे. महाडात आले की कधी ना कधी त्याच्या काठाने जाणे होतेच. पण २० मार्चला मी तेथे कधी गेले नव्हते. 'उद्या महाडात गर्दी असते, कॉलेजला नको जाऊस,' असे आई दरवर्षी सांगे आणि मी ऐके. त्या गर्दीत माझ्या वर्गातली, माझ्या गावची माणसे असतात, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. पालखी जशी पऱ्यापाशी वळत होती, तशीच मीही दरवर्षी १९ मार्चच्या संध्याकाळी वळत होते!

त्यानंतर मी ग्रंथालयातून पुस्तके काढली. आपल्या गावाचा इतिहास आपल्याला परीक्षेपुरताच ठाऊक असतो. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीने तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर गावात आवई उठली, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. झाले! परतीच्या वाटेवरच्या माणसांवर काठ्या पडल्या. पुढे तळे 'शुद्ध' करण्यात आले. २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

यात मला सर्वांत बोचली ती आवई. कारण वीरेश्वर हे महाडचे दैवत, आणि त्याचा छबिना आम्हा सर्वांच्या आवडीचा. महाशिवरात्रीच्या उत्सवात गावोगावच्या देवांच्या पालख्या वीरेश्वराच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते, उंच काठ्या नाचतात, रात्र जागते. म्हणजे आमचे देवसुद्धा एकमेकांकडे पाहुणे जातात. शीव ओलांडायला त्यांना कमीपणा वाटत नाही. मग माणसांनाच तो का वाटावा?

कोणी म्हणेल, ज्याचा सण त्याने करावा. दुसऱ्याच्या सणात आपण कशाला? हे म्हणणे वरवर शहाणपणाचे दिसते. परंतु सण एकट्याने होत नाही. पाहुणा आला नाही तर सण कसला? २२ जुलै २०२१ रोजी महाडात पुराचे पाणी घरात शिरले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. तेव्हा मी शाळेत होते. चिखल उपसायला, भाकरी पोचवायला कोण कुठून आले, हे कोणी विचारले नाही. संकटात आपण एक होतो आणि सणात मात्र वेगळे! खरे तर उलटे हवे होते असेही नव्हे. दोन्ही वेळी एक असायला काय हरकत आहे?

आता राष्ट्रीय सणांविषयी. रायगडावर ६ जूनला शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी सारा महाराष्ट्र लोटतो, उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीला माणसे जमतात. त्यात मन आहे, हे मान्य केले पाहिजे. पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी? झेंडा वर जातो, मुले पावसात उभी राहून गीत म्हणतात, खाऊ वाटला की अर्ध्या तासात मैदान मोकळे. मोठी माणसे शेतावर. याला लोकांचे देशप्रेम कमी, हे कारण नाही. शिमग्यात प्रत्येकाला काहीतरी काम असते : कोणी होळीचे लाकूड आणतो, कोणी ढोल वाजवतो, कोणी वर्गणी गोळा करतो. राष्ट्रीय सणात मात्र आपण फक्त रांगेत उभे राहायचे. ज्या सणात हाताला काम नाही, तो मनात रुजत नाही.

मला वाटते, या दोन्ही सणांनी एकमेकांकडून काही उसने घ्यावे. २६ जानेवारीने शिमग्याकडून जिव्हाळा घ्यावा. त्या दिवशी ग्रामसभा भरते. तिला होळीच्या माळाएवढी गर्दी का होऊ नये? मुंबईचे मंडळ पालखीसाठी वर्गणी काढते, तशी गावच्या वाचनालयासाठी का काढू नये? आणि शिमग्याने २६ जानेवारीकडून समता घ्यावी. पालखीची वाट कोठवर, हे फक्त मानकऱ्यांनी का ठरवावे? पऱ्यापलीकडे 'पालखी न्या' म्हणून जबरदस्ती नको. त्यांनी आपला मार्ग निवडला आहे. परंतु 'येऊ का?' असे विचारायला काय जाते? त्यांनी 'नको' म्हटले तर तो त्यांचा निर्णय होईल. आजवर तो आमचाच होता.

त्या वर्षी २० मार्चला मी आईला न सांगता तळ्यावर गेले. लांबलांबहून आलेली माणसे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरे. पुस्तकांच्या दुकानांपुढे एवढी गर्दी मी कोणत्याही जत्रेत पाहिली नव्हती. माझ्या आजीच्या वयाची एक बाई पायरीवर वाकली, ओंजळभर पाणी प्याली आणि तेच ओले हात तिने नातवाच्या तोंडावरून फिरवले. आमची आजी पालखीपुढे अशीच वाकते. मैत्रीण माझ्याजवळ उभी होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

घरी सांगितले तेव्हा आई रागावली, आजी मात्र म्हणाली, "जत्रेला गेलीस, मग प्रसाद नाय आणलास?" तिला सगळे कळले होते की काहीच नाही, ते मला अजून उलगडलेले नाही.

यंदाच्या शिमग्यात मी बाबांकडे विषय काढला. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी गावकीत बोलू." पालखी यंदाही पऱ्यापाशीच वळली. पण त्या दिवशी दुपारी मैत्रीण आमच्या घरी पुरणपोळी खायला आली, ती पहिल्यांदाच. आणि पुढच्या २० मार्चला आमच्या वर्गातील आम्ही पाच जणींनी तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिण्याचे पाणी वाटायचे ठरवले आहे. एकेकाळी ज्या गावाने माणसांना पाण्याला शिवू दिले नाही, त्या गावाच्या मुलींनी निदान एवढे तरी करावे. १९२७ चा तो मार्च २०२७ साली शंभर वर्षांचा होतो. तोवर 'आपला देश हा सणांचा देश आहे' हे वाक्य मला न अडखळता लिहिता यावे, एवढीच इच्छा.