क्षयाचा खरा इलाज

गिरण्यांच्या काळात मालवण किनाऱ्यावरचा तरुण पोटासाठी मुंबईला जाई, चाळीतल्या कोंदट खोलीत दाटीवाटीने राही आणि छाती पोखरली गेली की गावी परते. कोकणातल्या अनेक घरांत क्षय आला तो मनीऑर्डर येई त्याच वाटेने.

रॉबर्ट कॉक यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले. १९६२ साली भारतात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तरीही २०२५ पर्यंत क्षयमुक्तीची घोषणा फोल ठरली. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आजही भारतात आहेत.

जंतू श्रीमंताच्याही छातीत शिरतो. बळावतो मात्र अर्धपोटी देहात. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे दिली, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

सरकार नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा १,००० रुपये देते, हे योग्यच आहे. परंतु कुटुंबीयांच्या पोषणाची भिस्त ‘निक्षय मित्र’ दात्यांच्या औदार्यावर ठेवते. औषध हा हक्क असेल, तर अन्न ही भीक कशी? सिंधुदुर्गातील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभांतून धसास लावला पाहिजे.