चोपाऊचे देणे

मोटरसायकल शर्यतींचा इतिहास निघाला की नावे ठरलेली असतात. स्वारांमध्ये माइक हेलवूड आणि जाकोमो अगोस्तिनी, गाड्यांमध्ये नॉर्टन, एमव्ही अगुस्ता आणि होंडा. अगोस्तिनीची 15 विश्वविजेतेपदे, 1907 पासूनची आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत, तिथला साठ किलोमीटरचा जीवघेणा डोंगरी मार्ग, हे सगळे मोठेच. पण या जमाखर्चात एक ठळक देणे नोंदवायचे राहून जाते. पुढे शर्यतींवर पाव शतक राज्य करणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे मर्म पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या गावात, एमझेड कारखान्याच्या रेसिंग विभागात उलगडले. त्या विभागाचे प्रमुख होते वॉल्टर काडेन. एमझेडला जागतिक विजेतेपद कधीच मिळाले नाही, त्यामुळे काडेन यांना इतिहासात तळटिपेपुरती जागा मिळाली. केवळ चषक मोजून लिहिलेला इतिहास किती अपुरा असतो, हे दाखवायला हे एक प्रकरण पुरेसे आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाची अडचण जन्मजात आहे. जळलेला वायू बाहेर जाण्याचे पोर्ट अजून उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातले बरेचसे न जळताच सायलेन्सरच्या वाटेने निसटते. काडेन यांनी लक्ष घातले ते त्या वाटेतच. नळीतून नुसता धूर जात नाही, दाबाची लाटही जाते. नळी पुढे रुंद होत गेली तर त्या लाटेमुळे मागे ओढ तयार होते आणि सिलिंडर चटकन रिकामा होतो. मग नळी निमुळती केली की लाट उलटी फिरते आणि निसटू पाहणारे मिश्रण पोर्ट बंद होता होता पुन्हा आत लोटते. झडप न बसवता निव्वळ पत्र्याच्या आकाराने झडपेचे काम करून घ्यायचे! काडेन यांनी ऑसिलोस्कोपवर या लाटा तपासल्या, फिरत्या चकतीच्या इनलेटची आणि एका जादा पोर्टची जोड दिली. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनाने सुमारे 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे 200. सुपरचार्जर न लावता हा आकडा गाठणारे ते पहिलेच इंजिन मानले जाते. आणि हे सगळे पैशांची कायम ओढाताण असलेल्या एका सरकारी कारखान्यात.

त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट देग्नर 125 सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या शर्यतीत त्याचे इंजिन बसले आणि शर्यतीनंतर तो पूर्व जर्मनीत परत गेलाच नाही. बायकामुलांना मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार काढण्यात आले. अर्जेंटिनाच्या शेवटच्या शर्यतीत देग्नर उतरू शकला नाही आणि किताब होंडाच्या टॉम फिलिसकडे गेला. देग्नरने मात्र काडेन यांची विद्या सुझुकीच्या हवाली केली. तोवर टीटीत चाचपडणाऱ्या सुझुकीने 1962 मध्ये देग्नरच्याच हातून 50 सीसीची टीटी आणि त्या गटाचे विश्वविजेतेपद पटकावले. जपानच्या सुझुका ट्रॅकवर आज देग्नरच्या नावाचे वळण आहे. तो तिथे पडला होता, म्हणून!

काडेन यांच्या बाजूने बोलताना काही आक्षेप टाळता येत नाहीत. पहिला असा की फिरती चकती त्यांच्या आधी अभियंते डॅनिएल झिमरमन यांनी वापरली होती आणि फुगीर नळीचे प्रयोग डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीत झाले होते. बरोबर आहे. पण सुटे शोध जुळवून, मोजून, भरवशाचे इंजिन उभे करणे हेच अभियंत्याचे काम, आणि ते काडेन यांनी केले. दुसरा आक्षेप असा की जपानी कंपन्या आज ना उद्या तिथे पोहोचल्याच असत्या. पोहोचल्या असत्याही, पण ज्या वेगाने सुझुकी एका वर्षात रिकाम्या हातांवरून विजेतेपदावर गेली, त्याचे दुसरे पटणारे कारण सापडत नाही. राहिला देग्नर. कोंडून ठेवणाऱ्या राजवटीतून पळण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, त्याबद्दल त्याला गद्दार म्हणणे अन्याय ठरेल. दुसऱ्याच्या डोक्यातली कमाई विकण्याचा हक्क मात्र त्यातून येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी होत आली आहे. काडेनही धुतल्या तांदळासारखे नव्हते: महायुद्धात ते हेन्शेल कंपनीत नाझी जर्मनीच्या क्षेपणास्त्रांवर काम करत होते. श्रेय द्यायचे म्हणजे आरती ओवाळायची असे नाही.

1975 मध्ये अगोस्तिनीने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर 500 सीसीचे विश्वविजेतेपद जिंकले आणि तेव्हापासून 2001 पर्यंत त्या गटाचा प्रत्येक विजेता टू-स्ट्रोकवरच होता. आपल्याकडे 1980 च्या दशकात आलेल्या इंड-सुझुकी आणि यामाहा आरएक्स 100 या गाड्या त्याच परंपरेतल्या, रस्त्यासाठी सौम्य केलेल्या. प्रदूषणाच्या नियमांनी या इंजिनाचा अखेर घास घेतला तो योग्यच, कारण न जळलेले मिश्रण बाहेर सांडण्याची खोड काडेन यांनाही पुरती घालवता आली नव्हती. महाराष्ट्रात आरएक्स 100 जिवापाड जपणारे आजही कमी नाहीत. त्यांनी आपल्या गाडीची कुळकथा सांगताना जपानपाशी थांबू नये, चोपाऊपर्यंत मागे जावे.