मेजर विषय एसटीच्या वेळेवर नको, पोरांच्या आवडीवर ठरवा

बारावीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न असतो, "पुढं काय?" उत्तरही बहुतेक ठरलेलं. मित्र गेला ते कॉलेज, नाहीतर सकाळची एसटी सोडते ते कॉलेज. विषय कोणता, हे शेवटी सेतू केंद्रात फॉर्म भरताना बघतात. यंदा तरी हे बदलायला हवं, कारण नियम बदललेत.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे जोडविषय. बीए, बीएस्सीला बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय शिकायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर घ्यायचा, अशी पद्धत आहे. म्हणजे वर्षभर चाखून बघायची सोय झाली. शिक्षण मध्ये सुटलं तरी एका वर्षाचं प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका, तीन वर्षांची पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते.

पण मेख इथंच आहे. मेजर त्या तीन विषयांतूनच निघणार. पोराला भूगोल आवडतो आणि फॉर्मवर भूगोल लिहिलाच नाही, तर पुढच्या वर्षी तो मिळायचा कसा? म्हणून फॉर्म भरणाऱ्यावर विषय सोडू नका.

आवड ओळखायची कशी?

मार्क आणि आवड एक नव्हे. कोणतं पुस्तक पोरगं न सांगता उघडतं, ते बघा. डेअरीचा हिशोब पोरगी बिनचूक ठेवत असेल, तर कॉमर्सचा विचार करा. आणि मोबाईल आवडतो म्हणजे कॉम्प्युटर आवडतो असं नाही. बीसीएला प्रोग्रामिंग असतं, गणित असतं. शिवाय बीसीए, बीबीएला २०२४ पासून सीईटी आहे. ती परीक्षा निकालाच्या आधीच होऊन जाते, हे अनेकांना निकालानंतर कळतं.

शेतीची आवड असेल तर बीएस्सी ॲग्री आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. पण त्यासाठी बारावीला सायन्स आणि सीईटी लागते. दहावी झालेल्या पोरांच्या घरी हे आत्ताच माहीत असलेलं बरं, कारण आर्ट्स घेतल्यावर तो रस्ता बंद होतो.

"एमपीएससी करायचीय, विषय कोणताही चालतोय," असंही ऐकू येतं. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, हे खरं. मग तर आवडीचाच विषय घ्यावा. परीक्षा निघाली नाही, तर हातात निदान येणारा विषय राहतो.

मुलींचं गणित वेगळं

एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत. पुढं सवलतीचा पास मिळतो, पण खिशातून पैसे जातातच. मग घरचे जवळचं कॉलेज बघतात आणि विषय तिथं असेल तो. नावडत्या विषयात मुलगी नापास झाली की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. पोराला दुसरी संधी मिळते, पोरीला बहुतेक वेळा नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. २०२४-२५ पासून ती मिळते. पण प्रवेश कॅप फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत गेली. मात्र खोली, मेस, प्रवास हा खर्च धरून चाला.

फॉर्मच्या आधी एक चक्कर

शेतातलं काम एक दिवस बाजूला ठेवून पोराबरोबर कॉलेजात जा आणि तीन गोष्टी विचारा. इथं कोणकोणते विषय मेजर म्हणून घेता येतात? त्या विषयाला कायम प्राध्यापक आहेत, की सगळे तासिका तत्त्वावर? प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल खरंच होतात का? दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरांनाही बाजूला घेऊन विचारा, ती खरं सांगतात.

बियाणं घेताना आपण चार दुकानं फिरतो, जमीन बघतो, पाणी बघतो. तीन-चार वर्षांच्या शिक्षणासाठी एक चक्कर जड नाही. आणि चक्कर मारून आल्यावर शेवटचा शब्द पोराचा किंवा पोरीचा असू द्या. अभ्यास त्यांना करायचाय.