आग, बंब आणि बंबावरील माणसें

सोलापुरास आग हा विषय नवा नाहीं. १८७७ सालीं पहिली गिरणी निघाल्यापासून ज्या नगराचें पोट सुतावर चाललें, तेथें कापूस आणि ठिणगी यांचें वैर घरोघर ठाऊक आहे. तथापि १८ मे २०२५ च्या रविवारीं, पहाटेच्या अंधारांत, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागून आठ जीव गेले, त्यावर नित्याची हळहळ करून स्वस्थ बसणें आम्हांस अपराध वाटतो. मृतांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरचीं माणसें होतीं, एक तान्हें मूल होतें, आणि कामगारही होते. मालक व मजूर असा भेद आगीनें केला नाहीं. ती आटोक्यांत येण्यास कित्येक तास लागले.

त्या रात्रीं अग्निशमन दलानें कसूर केली असें आमचें म्हणणें नाहीं. जे जवान धुरांत शिरतात त्यांस खुर्चींत बसून दोष देणें आमच्या लेखणीस शोभणार नाहीं. आमचा प्रश्न त्यांच्या धन्यांस आहे. आणि नगराचे धनी नागरिकच असल्यामुळें तो वाचकांसही आहे. घंटा वाजून बंब बाहेर पडतो, तेव्हां त्यावर माणसें किती असतात?

नवा बंब आला म्हणजे त्यास हार घालतात, नारळ फोडतात, छायाचित्र निघतें. माणसाची रिकामी जागा भरली म्हणून नारळ फोडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं! परंतु बंब स्वतः आग विझवीत नाहीं. एक मनुष्य पंपापाशीं अडकलेला. पाण्यानें भरलेली नळी एकट्यास आवरत नाहीं, म्हणून तिच्यावर दोघे. पाण्याची सोय पाहणारा एक. आणि सर्वांवर नजर ठेवून हुकूम देणारा नायक. आंत कोणी अडकलें असल्यास शोधास जावयाचें तें दोघांनीं मिळून, व त्यांच्यावर प्रसंग आल्यास धावण्यासाठीं बाहेर आणखी दोघांनीं सज्ज राहून, हा अमेरिकेंत कायद्यानें ठरविलेला दंडक आहे. बंबावर तिघेच असतील तर पाणी मारावें कीं माणूस काढावा, यांतून एक निवडणें त्यांना भाग पडतें. दुसरा बंब येईपर्यंत थांबावें, तर कापडाचा धूर थांबत नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०१० सालीं, मुद्दाम बांधलेल्या घरास आग लावून, तुकड्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका साध्या घराच्या आगींत चौघांच्या तुकडीनें सर्व कामें तिघांपेक्षां सरासरी पांच मिनिटें, आणि दोघांपेक्षां सात मिनिटें आधीं उरकलीं. तीं पांच मिनिटें म्हणजे आंतल्या माणसाचा श्वास होय.

आतां हिशेब पाहावा. एका बंबावर सहा माणसें धरलीं, तर तीन पाळ्यांस अठरा लागतात. साप्ताहिक सुटी दिली कीं तीच संख्या एकवीस होते. आजारपण, रजा व शिक्षण हीं निराळींच. कागदावर अठरा माणसें दाखवून जो अधिकारी ‘संख्या पुरेशी आहे’ म्हणतो, तो रविवारच्या पहाटेचा हिशेब लपवितो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें अग्निशमन दल राखणें व त्यास योग्य साधनें देणें हें महानगरपालिकेचें आवश्यक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. कायदा प्रथम दल म्हणतो, साधनें मागून. माणसांवांचून दल कसें होतें, हें कोणा न्यायाधीशास पटवून देणें आम्हांस तरी जमणार नाहीं. घटनेच्या बाराव्या अनुसूचींतही अग्निशमन सेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. बगीचे व कारंजीं यांचा खर्च मागें ढकलतां येईल. हा येत नाहीं.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत कापूस व दारूगोळा यांनीं भरलेलें जहाज फुटलें, आणि अग्निशमन दलाचे ६६ जण कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं त्या तारखेस अग्निशमन सप्ताह सुरू होतो. पुष्पहार होतात, आणि भरतीचें प्रकरण कपाटांत राहतें.

मे २०२५ मध्यें सोलापुरांत लोकनियुक्त सभागृह नव्हतें. कारभार प्रशासकाच्या हातीं होता. ती सबब यापुढें चालणार नाहीं. १९३० सालीं लष्करी कायद्यापुढें न वाकलेल्या या नगरानें आपल्याच महानगरपालिकेस प्रश्न विचारण्यास भिऊं नये. जे कोणी सभागृहांत बसतात वा बसूं इच्छितात, त्यांच्याकडून आम्हांस इतकेंच हवें आहे: प्रत्येक अग्निशमन केंद्राच्या दारावर, त्या पाळींत प्रत्येक बंबावर किती माणसें हजर आहेत, ती संख्या रोज मराठींत लिहावी, रिक्त जागांची यादी अंदाजपत्रकास जोडावी, आणि त्या जागा भरण्याची तारीख त्याच सभेंत ठरवावी.