माफ नव्हे, निर्लेखित

बँकांनी दहा आर्थिक वर्षांत सुमारे 16.35 लाख कोटी रुपयांची कर्जे ‘राइट ऑफ’ केली, अशी माहिती सरकारने मार्च 2025मध्ये लोकसभेत दिली. असा आकडा आला की ‘उद्योगपतींना कर्जमाफी’ असे मथळे झळकतात, ‘ही माफी नव्हे’ असा खुलासा होतो आणि वाद तिथेच विरतो. दोन शब्दांच्या एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आपण नीट लावत नाही, म्हणून खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की ते अनुत्पादक ठरते. बँक त्यासाठी आपल्या कमाईतून तरतूद करत जाते. साधारण चार वर्षांत तरतूद पूर्ण झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढले जाते. हे झाले राइट ऑफ. कर्जदाराचे देणे मात्र रुपयानेही कमी होत नाही. वसुली न्यायाधिकरण, सरफेसी कायदा, दिवाळखोरी संहिता हे मार्ग खुलेच असतात. कर्जमाफीत शासन बँकेचे पैसे भरते आणि कर्जदार मोकळा होतो. महाराष्ट्रातील 2017 आणि 2019च्या शेतकरी कर्जमाफी योजना या प्रकारच्या होत्या. या दोन्हींना एकच शब्द लावणे चूक आहे. त्यात ‘वेव्ह ऑफ’ने भर घातली. माफ करण्यासाठी इंग्रजीत नुसते ‘वेव्ह’ पुरते. ‘ऑफ’ हे शेपूट आपल्याकडे जडले आणि दोन वेगळ्या गोष्टींचा तोंडवळा एक झाला.

पण ‘ही फक्त हिशेबाची नोंद’ हे उत्तरही पुरेसे नाही. 2024-25पर्यंतच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी सुमारे 5.82 लाख कोटींची कर्जे राइट ऑफ केली. त्याच काळात अशा कर्जांतून वसूल झाले सुमारे 1.65 लाख कोटी. प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास. उरलेला भार ज्या कमाईवर पडतो ती सरकारी बँकेची, म्हणजे शेवटी जनतेची. कायद्याने देणे शिल्लक आहे, पण हाती पैसा येत नाही, ही स्थिती कर्जमाफीहून वेगळी असली तरी समाधानाची नाही. म्हणून विचारायचे ते हे : वसुली किती, कोणाकडून आणि उशीर कोणामुळे?

सामान्य माणसाला हा गैरसमज फार महाग पडतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी पत-अहवालात ‘रिटन ऑफ’ दिसली की सुटलो, असे कित्येकांना वाटते. प्रत्यक्षात ती नोंद थकबाकीदाराची ओळख बनते आणि पुढचे घरकर्ज अडते. सुटका होते ती ‘पे ऑफ’ने, म्हणजे पैसे फेडूनच. बँकेने हे ग्राहकाला त्याच्या भाषेत लेखी कळवायला हवे.

मराठीत यासाठी शब्द नाही असेही नाही. आपल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या अहवालांत ‘निर्लेखित’ आणि ‘निर्लेखन’ हे शब्द रुळलेले आहेत. वृत्तपत्रांनी तेच वापरावेत. जड वाटले तर ‘ताळेबंदातून काढलेले कर्ज’ म्हणावे. ‘माफ’ म्हणू नये.

आणि सभासदांनीही जागे राहावे. संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कर्ज निर्लेखनाचा विषय आला की ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर करू नका. कर्ज कोणाचे, तारण काय होते, जामीनदारांवर कारवाई झाली का आणि गेल्या वर्षी निर्लेखित केलेल्यांपैकी किती वसूल झाले, हे उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा.